पहिल्या ओळीतलं पहिलं घर

तिला सगळे नमुनेबाई म्हणायचे. त्यात चिडवणं किती आणि कौतुक किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे. गिरणीच्या मालकांनी कामगारांसाठी जे गाव बांधलं ते बघायला लांबलांबून लोक येत, आणि त्यांना आतून दाखवायचं घर एकच होतं, पहिल्या ओळीतलं पहिलं. त्या घरात ही राहायची. पाहुणे आले की हिच्याकडे, आणि पाहुण्यांची पाठ वळली की शेजारपाजारच्या बायका हिच्याकडे, कोण आलं होतं आणि काय घालून आलं होतं ते विचारायला.

हे गाव कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल की बाई वेडी होती. वेडी बिलकूल नव्हती.

गिरणी जुनीच. कामगार राहायचे शहराच्या खालच्या अंगाला, तळघरांत. एका खोलीत तीन-तीन संसार, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि गल्लीच्या टोकाला एक नळ. एका वर्षी साथ आली आणि इतकी माणसं घेऊन गेली की गिरणीतले निम्मे माग बंद पडले. तेव्हा थोरले मालक पहिल्यांदा स्वतः त्या गल्लीत उतरले. काही म्हणतात त्यांना दया आली, काही म्हणतात त्यांना हिशेब कळला. दोन्ही झालं असेल. माणसाच्या पोटात एका वेळी दोन गोष्टी राहू शकतात. गिरणीपलीकडची पडीक जमीन घेऊन त्यांनी तिथे विटांच्या घरांच्या ओळी उभ्या केल्या. खाली दोन खोल्या, वर एक, घरात नळ, मागे न्हाणी, पुढे फुलांची पट्टी, मागे भाजीची पट्टी. शाळा आली, वाचनालय आलं, दवाखाना आला. दारूचं दुकान मात्र मुळीच येऊ दिलं नाही, त्यामुळे पिणाऱ्यांना तासभर चालत जावं लागे आणि परत यायला दोन तास.

वेशीवर नियमांचा फलक होता. पुढच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत. कोंबड्या पाळायच्या नाहीत. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. सकाळी खिडक्या उघडायच्या. आणि सगळ्यात खाली, त्याच बारीक अक्षरात, कामगार कामावर आहे तोवर घर त्याचं. बाकीचे नियम लोक विसरायचे, हा एक झोपेतून उठवला तरी म्हणून दाखवला असता.

नमुनेबाई तळघरातच वाढली होती. पाठचा भाऊ त्या ओलीत तिच्या डोळ्यांदेखत गेला. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. नवरा म्हणाला, अगं, मोडशील. तर ही म्हणाली, मोडला तरी माझाच आहे ना. नवरा हसला. तो गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. अंगाने शिडशिडीत आणि उंच, इतका की खात्यात त्याला खांब म्हणत. मागच्या दाराची चौकट बुटकी होती, कारण मागच्या दाराने पाहुणे येणार नव्हते. तिथून जाताना खांबाला दर वेळी वाकावं लागे.

घरांवर देखरेख करायला मालकांनी एक बाई नेमल्या होत्या. त्या दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवत आणि बोटाकडे बघत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हिच्या घरात त्यांचं बोट दर वेळी कोरं निघालं, आणि अशी ही नमुनेबाई झाली. पुढच्या खोलीसाठी टेबल आलं, चार खुर्च्या आल्या, झालरीचे पडदे आले. त्या खुर्च्यांवर बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. पण कोण बसणार? बसलं की उठून पुसणं आलं. संसार सगळा मागच्या खोलीत चाले, चुलीपाशी, आणि पुढची खोली वाट बघत राही.

पाहुणे आले की वेशीवरचा पहारेकरी हातातली घंटा वाजवायचा. घंटा ऐकली की हिचे हात आपोआप चालू होत. ओले कपडे टोपलीत, टोपली पलंगाखाली, खिडक्या उघड्या, पडदे सरळ, चेहरा पाण्याने पुसलेला. पाहुणे विचारत त्याला काय उत्तर द्यायचं ते मोठ्या बाईंनी शिकवून ठेवलं होतं. हवा खेळती आहे, पाणी भरपूर आहे, काही कमी नाही. सुरुवातीला ते खरंच होतं, म्हणून तिच्या तोंडी चटकन बसलं. ती मनापासून म्हणायची. हातमोजे घातलेल्या बायकांना म्हणाली, इंजिनिअरांना म्हणाली, एका कुठल्याशा राजपुत्रालाही म्हणाली, आणि तो खुर्चीवर बसून गेला तर आठवडाभर बायका ती खुर्ची बघायला येत होत्या. तिची लेक तर धड बोलायच्या आधी ही तीन वाक्यं शिकली. पुढे लग्न होऊन दूर गेली, आणि घरात दोघंच उरली.

मग खांबाला सोमवार लागला.

पिंजण्याच्या खात्यात हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. कापसाची धूळ हवेत अशी भरलेली असायची की समोरच्याचा चेहरा पुसट दिसे. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी त्या धुळीत शिरला की दुपारपर्यंत छातीवर कुणीतरी मांडी घालून बसावं तसं होई. बुधवार-गुरुवारपर्यंत जरा उतरायचं, रविवारी माणूस अगदी खडखडीत. त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नसे. खांबाचा सोमवार मात्र हळूहळू लांबत गेला, मंगळवार गिळला, बुधवार गिळला. रात्री आडवं झालं की गुदमरायचा, मग भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती ओढतोस? ओढत नाही म्हटलं. तर म्हणाले, मग लपून ओढत असशील. आणि गोड औषधाची बाटली हातात ठेवली.

नमुन्याच्या घरात खोकणारा माणूस कसा चालेल? हे मोठ्या बाईंनी कधी स्पष्ट म्हटलं नाही. एकदा पाहुण्यांसमोर खांबाला उबळ आली तेव्हा त्या नुसत्या हिच्याकडे बघून हसल्या. तेव्हापासून घंटा वाजली की कपड्यांच्या टोपलीबरोबर नवराही मागे जायला लागला. तो न्हाणीत उभा राहायचा, तोंडावर पंचा दाबून, पाहुणे जाईपर्यंत. बाहेर आला की चेहरा काळानिळा. ती पाठ चोळायची आणि मनात स्वतःला शिव्या घालायची, पण पुढच्या वेळी घंटा झाली की पुन्हा तेच.

तिला फार काही नको होतं. गावातल्या बागांना पाणी घालायला, झाडं छाटायला गिरणीची माळ्यांची एक टोळी होती. खांबाला त्या टोळीत टाकावं, एवढंच. मोकळी हवा मिळेल, आणि काम गिरणीचंच म्हणून घरही राहील. ती जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला भेटली, ऑफिसात गेली. सगळे गोड बोलले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खातं बदलत नाही म्हणाले, आणि डॉक्टर तर बाटलीपलीकडे काही सांगायला तयार नव्हते.

थोरले मालक गेले, धाकटे मालक आले, आणि पिंजणखात्यातल्या लोकांनी एवढी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट शेवटी वरपर्यंत पोचवली. सरकारने बाहेरचे डॉक्टर पाठवायचं ठरवलं. ते ज्याचं नाव घेतील त्याला धुळीतून काढून मोकळ्यावर काम देऊ, असं धाकट्या मालकांनी चारचौघांत कबूल केलं. डॉक्टर गिरणीत येणार नव्हते. जॉबरच्या समोर कुणी तोंड उघडणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून ते रविवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी येणार होते. सगळ्यांना बरं वाटलं. सुट्टी असली की माणसं निवांत भेटतात.

नमुनेबाईच्या जिवात जीव आला. आठवडाभर ती भांडी घासताना बोलायची तयारी करत होती. तालीम घ्यायला शेजारीण होतीच. शेजारीण मागावर काम करून करून कानांनी अधू झाली होती. त्यामुळे बोलायची ती एवढ्या मोठ्याने की हिच्या घरातलं गुपित तिसऱ्या ओळीत ऐकू जाई. दुसऱ्याचं मात्र ओठांवरून बरोबर ओळखायची. मागांच्या खडखडाटात सगळ्या बायका तशाच बोलत, आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून. ती हिच्यासमोर पाटावर बसायची आणि डॉक्टर व्हायची. "बोल, तुझ्या नवऱ्याला काय होतं?" ही सांगायची. दम लागतो, रात्री बसून काढतात, जिना चढवत नाही. शेजारीण ओठांकडे बघून मान हलवायची. एकदा म्हणाली, तू सांगतेस झकास, पण हसत हसत सांगतेस, ते हसू आधी पुस. नमुनेबाईला तोवर ठाऊकच नव्हतं की आपण हसतोय.

रविवार उजाडला. ठरलं असं होतं की खांबाने पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचं आणि हिने शेजारी उभं राहून सगळं सांगायचं. खांब बसलाही. खुर्चीच्या अगदी काठावर, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि वेशीवर घंटा वाजली.

काय झालं ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. हिचे हात चालू झाले. टोपली पलंगाखाली गेली, खिडक्या उघडल्या, पडदे ओढले गेले, औषधाची बाटली कपाटात गेली. चेहरा पुसून ती पुढच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा खुर्ची रिकामी होती. ती जा म्हणाली नव्हती. तो आपणहून उठून, वाकून, मागे निघून गेला होता.

तेवढ्यात डॉक्टर दारात. म्हातारे, जरा पोक काढून चालणारे, चांगल्या चेहऱ्याचे. पायपुसण्यावर त्यांनी बूट नीट पुसले. मागे मोठ्या बाई. डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली आणि अगदी आपुलकीने विचारलं, घरात कुणाला खोकला, दम, असा काही त्रास आहे का?

"हवा खेळती आहे, पाणी भरपूर आहे, काही कमी नाही," नमुनेबाई म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. प्रश्न काय, उत्तर काय! पण डॉक्टरांना त्यात वावगं वाटलं नाही. छान, छान, म्हणत ते पडद्याची झालर बघत होते. बाहेर कुंपणापलीकडे शेजारीण उभी होती. तिचे ओठ आवाज न करता, मोठे मोठे हलत होते. सांग. सांग. मोठ्या बाई म्हणाल्या, चला, पुढच्या ओळीत जाऊ या. डॉक्टर वळले.

तेव्हा हिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पाहुण्याच्या कोटाची बाही धरली. माझा नवरा मागे आहे म्हणाली, तो आजारी आहे, त्याला बघा. आणि डॉक्टरांना ओढतच ती मागच्या खोलीत घेऊन गेली. त्या खोलीत आजवर एकही पाहुणा आला नव्हता. डॉक्टरांनी भिंतीला लावलेल्या उशा पाहिल्या, राख पडलेली चूल पाहिली, आणि बुटक्या चौकटीखालून वाकून ते भाजीच्या पट्टीवर आले.

खांब न्हाणीत उभा होता. पावलं ऐकून तो गडबडला असावा. त्याने कोपऱ्यातली झारी उचलली आणि बाहेर येऊन, ताठ उभा राहून, भाजीला पाणी घालायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, काय हो, काही त्रास? खांबाने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"नाही साहेब. काही कमी नाही."

खोटं बोलतायत, ती म्हणाली. तिचा आवाज चढला. डॉक्टर भले होते, त्यांनी ते उडवून लावलं नाही. खांबाचा सदरा काढायला लावला, नळी छातीला लावली, पाठीला लावली, श्वास घे, सोड, पुन्हा घे. बराच वेळ ऐकलं. आणि रविवार होता. शनिवारची दुपार, रात्र आणि रविवारची सकाळ, एवढा वेळ खांब धुळीबाहेर होता. सोमवारचं दुखणं बघायला डॉक्टर रविवारी आले होते आणि हे डॉक्टरांच्या, ऑफिसच्या, पिंजणखात्यातल्या एकाही माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या ध्यानात त्या क्षणी आलं, नळी छातीवर असताना. डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली आणि म्हणाले, छाती स्वच्छ आहे, या वयाला उत्तम आहे.

"उद्या या, साहेब. उद्या ऐका."

डॉक्टर हसले. उद्या दुपारचं जेवण धाकट्या मालकांकडे, आणि तिथूनच आम्ही निघणार, म्हणाले. बागकाम चालू ठेवा, असा सल्ला खांबाला देऊन ते गेले.

तिने त्याला विचारलं, असं का केलंत? तो म्हणाला, त्या मागे उभ्या होत्या ना. ती चिडायला गेली, पण कुठल्या तोंडाने चिडणार? पुढच्या खोलीत तीच आधी तसं बोलली होती. दोघं चुलीपाशी बसून राहिली. सगळ्या आठवड्यात त्याचा श्वास सरळ चालायचा तो हाच एक दिवस, आणि तो शांतपणे श्वास घेतोय याचा तिला संताप येत होता.

सोमवारी सकाळी तो कामावर गेला. दुपारच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत ती गिरणीच्या दारात हजर. लोक बाहेर आले, सगळ्यांत शेवटी खांब. भुवयांत, केसांत, कानात कापूस. भिंतीला हात लावत लावत येत होता. चला, म्हणाली, डॉक्टर अजून मालकांच्या बंगल्यावर आहेत, आता दाखवू. तो नको म्हणाला असता, पण म्हणायला श्वास हवा होता.

बंगला गावाच्या दुसऱ्या टोकाला. रस्ता सुरेख, दोन्ही बाजूंना छाटलेली झाडं. रोज तिला तो जवळ वाटायचा. आज दोन घरं झाली की थांब, पुन्हा दोन घरं की थांब. ती त्याला जवळजवळ उचलूनच नेत होती. दारादारांतून बायका बघत होत्या. बंगल्याचं फाटक दिसायला लागलं तसा त्याचा पाय मुडपला. झाडाखाली एक बाक होतं, त्यावर तिने त्याला टेकवलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. आता कुणाला नळी लावायचीही गरज नव्हती.

फाटक उघडलं आणि मोटार बाहेर आली. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मोटार थांबली. डॉक्टरांनी काच खाली केली, आणि शेजारी बसलेले गिरणीचे मॅनेजर म्हणाले, आमच्या पहिल्या घरातल्या बाई, फार छान घर ठेवतात. ओळखलं की, डॉक्टर म्हणाले.

ती बोलली. आठवडाभर पाठ केलेलं सगळं बोलली, आणि न पाठ केलेलंही. न्हाणीतला पंचा सांगितला, भिंतीला लावलेल्या उशा सांगितल्या, सोमवार म्हणजे काय ते सांगितलं. एकही शब्द अडला नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शेजारणीने पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. साहेब, खाली उतरा, नुसतं ऐका, म्हणाली.

डॉक्टरांनी बाकाकडे पाहिलं. खांबाने उठायची खटपट केली, त्याला जमलं नाही. डॉक्टरांनी दाराच्या कडीवर हात ठेवलाही. मग मॅनेजर हलक्या आवाजात काही बोलले. बाईला नवऱ्यासाठी माळ्याचं काम हवंय, केव्हापासून मागे लागलीय, असं काहीसं. डॉक्टरांचा हात कडीवरून निघाला. चेहरा कठोर झाला नाही, नुसता दमल्यासारखा झाला.

"बाई, काल मी स्वतः ऐकलं आहे. माझं मत देऊन झालं. उन्हातून चालवलंत, म्हणून धाप लागली असेल. जरा बसू द्या त्यांना."

काच वर गेली. मोटार तिच्या बाजूने वळसा घालून निघून गेली. ती रस्त्यातच उभी राहिली, मग बाकावर जाऊन त्याच्याजवळ बसली. आपण सगळं बरोबर बोललो, हेच तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. आणखी काय बोलायला हवं होतं ते तिला सापडत नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

बऱ्याच वेळाने त्याला बोलण्यापुरता श्वास मिळाला. त्याने तिचं मनगट धरलं.

"आता घर जाईल का गं?"

ती म्हणाली, नाही, कामावर असेपर्यंत कसं जाईल?

तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. त्याच्या काखेत हात घालून तिनेच त्याला उठवलं, भुवयांतला कापूस बोटांनी काढला, आणि आल्या रस्त्याने नेऊन पिंजणखात्याच्या दारात सोडलं.